स्टार्टअप महाकुंभ : भाषणं गाजली, वादही झाला, पण पैसा नेमका मिळतो कसा?

उद्योजकांच्या परिषदेत काय होतं, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. मोठा मंच, त्याहून मोठा स्क्रीन, शून्यातून कोट्यवधींची कंपनी उभी करणाऱ्याची गोष्ट, टाळ्या, सेल्फी आणि खिसाभर व्हिजिटिंग कार्डं. माणूस भारावून घरी येतो.

पण ३ एप्रिल २०२५ ला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये ‘स्टार्टअप महाकुंभ’ सुरू झाला आणि मंचावरून कौतुकासोबत चक्क कानउघाडणीही झाली.

नेमकं काय घडलं?

केंद्रीय वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी भारतीय आणि चिनी स्टार्टअप्सची तुलना केली. आपल्याकडे जेवण घरपोच देणारी ॲप्स, महागडी आइस्क्रीम आणि कुकीज, झटपट किराणा. तिकडे इलेक्ट्रिक गाड्या, बॅटरी, सेमीकंडक्टर, रोबोटिक्स आणि एआय. आपल्याला फक्त दुकानदारीच करायची आहे का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. डीप टेक, म्हणजे मूलभूत संशोधनावर उभ्या राहणाऱ्या स्टार्टअप्सची देशातली संख्या फारच कमी आहे, ही चिंताही त्यांनी बोलून दाखवली.

भाषणाची क्लिप व्हायरल झाली आणि उत्तरंही लगेच आली. झेप्टोचे सहसंस्थापक आदित पालिचा यांनी सांगितलं की साडेतीन वर्षांपूर्वी अस्तित्वातही नसलेल्या त्यांच्या कंपनीवर आज सुमारे दीड लाख लोकांची कमाई अवलंबून आहे आणि ती वर्षाला हजार कोटींहून जास्त कर भरते. ॲमेझॉनही सुरुवातीला ग्राहकांना वस्तू विकणारीच कंपनी होती, क्लाऊड कम्प्युटिंग तिनेच मोठं केलं, हाही त्यांचा मुद्दा. चीनमध्येही आधी फूड डिलिव्हरी आली आणि मग डीप टेक, याकडे अशनीर ग्रोव्हर यांनी लक्ष वेधलं. इन्फोसिसचे माजी संचालक मोहनदास पै यांनी तर डीप टेकसाठी सरकारने काय केलं, असा उलटा सवाल केला.

मग बरोबर कोण?

संशोधनावरचा खर्च पाहिला तर दोन्ही बाजूंना थोडी पंचाईत होते. भारत संशोधन आणि विकासावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. चीनचा आकडा २.४ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे मंत्र्यांची चिंता खोटी नाही, पण त्यासाठी फक्त स्टार्टअप्सना बोल लावणंही योग्य नाही.

दुसरीकडे, भारतात या खर्चातला खासगी उद्योगांचा वाटा साधारण ३६ टक्के आहे, तर चीनमध्ये तो तीन चतुर्थांशाहून जास्त. म्हणजे ‘सरकार काही करत नाही’ म्हणणाऱ्या उद्योगजगतालाही उत्तर द्यावं लागेल.

यामागचं साधं कारण म्हणजे वेळ. डिलिव्हरी ॲपला गिऱ्हाईक आहे की नाही, हे काही महिन्यांत कळतं. नवी बॅटरी किंवा चिप प्रयोगशाळेतून बाजारात यायला अनेक वर्षं लागतात आणि तोवर कमाई नसते. इतकी वर्षं थांबणारा पैसा आपल्याकडे कमी आहे. भाषणाने उत्साह वाढतो, थांबणारा पैसा वाढत नाही.

मंचावरचे आकडे कसे वाचायचे?

परिषदेला जाणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

पहिला आकडा, १०,००० कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’. २०१६ च्या स्टार्टअप इंडिया मोहिमेत तो आला आणि २०२५-२६ च्या बजेटमध्ये तेवढ्याच रकमेचा नवा टप्पा जाहीर झाला. पण या निधीतून स्टार्टअपला थेट चेक मिळत नाही. पहिल्या निधीतला पैसा सिडबीमार्फत सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक फंडांना गेला आणि त्या फंडांनी त्यांच्या निकषांवर स्टार्टअप निवडले. म्हणजे सरकारने पैसा दिला तरी तुम्हाला पटवायचं असतं फंड मॅनेजरलाच.

दुसरी गोष्ट, ‘मान्यताप्राप्त स्टार्टअप’. डीपीआयआयटीची मान्यता मिळाली म्हणजे आयकर माफ झाला, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. आयकराच्या सवलतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि आंतरमंत्रालयीन मंडळाने तो मंजूर करावा लागतो.

तिसरा आकडा, संशोधनासाठीचे १ लाख कोटी. ही घोषणा फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये झाली. मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली १ जुलै २०२५ ला आणि पंतप्रधानांच्या हस्ते शुभारंभ झाला ३ नोव्हेंबर २०२५ ला, तोही भारत मंडपममध्येच. घोषणा ते शुभारंभ, २१ महिने. शिवाय हा निधी प्रामुख्याने अशा तंत्रज्ञानासाठी आहे, जे प्रयोगशाळेत सिद्ध होऊन पुढच्या टप्प्यावर आलंय. फक्त कागदावर कल्पना असणाऱ्याला त्याचा लगेच उपयोग नाही.

मग जावं की जाऊ नये?

जरूर जावं. मान्यताप्राप्त स्टार्टअप्सच्या संख्येत महाराष्ट्र देशात पुढे आहे, त्यामुळे अशा कार्यक्रमांची निमंत्रणं इथल्या तरुणांच्या मोबाईलवर सतत येत राहणार. पण प्रवास, हॉटेल आणि बुडालेल्या कामाचा हिशोब मांडूनच निघावं. पुण्याहून किंवा नाशिकहून दिल्लीला जाऊन फक्त भाषणंच ऐकायची असतील, तर ती यूट्यूबवर फुकट मिळतात.

जे यूट्यूबवर मिळत नाही ते स्टॉलवर मिळतं. तिथे आपल्याच क्षेत्रातला, आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढे असलेला माणूस शोधा. पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं, बिलाचे पैसे किती दिवसांनी आले, कोणता अर्ज कुठे अडकला, हे त्याला विचारा. फंडवाल्याला ‘तुम्ही गुंतवणूक करता का?’ विचारण्यापेक्षा ‘माझ्या टप्प्यावरच्या कंपनीत शेवटची गुंतवणूक कधी केली?’ हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच समजा.

त्या दिवशी मंत्र्यांनी स्टार्टअप्सना प्रश्न विचारला आणि देशभर चर्चा झाली. हे चांगलंच झालं. पण खाली बसलेल्यांनीही तितक्याच स्पष्टपणे विचारायला हवं : जाहीर झालेला पैसा कोणाच्या हातातून, कोणत्या अटीवर आणि कधी मिळणार? याचं उत्तर घेऊन घरी आलात, तर तिकिटाचे पैसे वसूल.