बंदुकीच्या परवान्याने कार्यकर्ता वाचतो का?

"आता आपणही परवाने काढले पाहिजेत." गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी धाराशिवपासून पुण्यापर्यंत अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. बोलणारे काही गुंड नाहीत. कोणी माहिती अधिकाराचे अर्ज टाकतो, कोणी वक्फच्या जमिनीचे सातबारे घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवतो, कोणी दंगलीनंतर पकडलेल्या पोरांच्या जामिनासाठी धावतो. या मंडळींना फोनवर धमक्या येतात. रात्री घरासमोर अनोळखी मोटारसायकल थांबते. मग कोणीतरी म्हणतो, बंदूक हवी.

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला जमावाने सोलापूरच्या एका मुस्लिम तरुणाला ठार मारले. तो माझ्यासारखाच आयटीत नोकरी करत होता. त्या खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला आणि आणखी एका तरुण अभियंत्याचा जीव गेला. अशा बातम्या वाचून ज्याला झोप लागत नाही, त्याला "कायद्यावर विश्वास ठेव" एवढेच सांगून भागत नाही.

पण आपल्या चर्चेत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क आहे का? बंदूक बाळगायचा हक्क आहे का? आणि बंदुकीने कार्यकर्ता खरेच वाचतो का? माझी उत्तरे अनुक्रमे अशी आहेत: हो, नाही, आणि बहुतेक वेळा नाही.

पहिला प्रश्न. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. १ जुलै २०२४ च्या आधी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होती. आपल्याकडे अनेकांना वाटते की हल्लेखोराला हात लावला तरी गुन्हा आपल्यावरच. तसे नाही. स्वतःचे किंवा दुसऱ्याचेही शरीर वाचवायला बळ वापरता येते. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. कलम ४४ तर जमावाबद्दलच बोलते. जीव घेणाऱ्या जमावावर गोळी झाडल्याशिवाय सुटका नसेल आणि त्यात एखाद्या निरपराधाला इजा होण्याचा धोका असेल, तरीही हा हक्क टिकतो.

या हक्काला मर्यादा आहेत, आणि मोहल्ल्यातल्या गप्पांत नेमक्या त्याच गळून पडतात. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, काल मारले म्हणून आज मारले, तर तो बदला झाला आणि त्याला शिक्षा आहे. शिवाय आपण स्वसंरक्षणात होतो हे न्यायालयात दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. सरकारी पक्षाइतका पक्का पुरावा त्याच्याकडून अपेक्षित नसतो, पण शक्यता आपल्या बाजूने झुकते एवढे तरी दाखवावे लागते. आपल्या फिकहमध्येही फुकहांनी हाच क्रम सांगितला आहे. हल्लेखोराला परतवताना आधी कमीत कमी बळ, आणि तो थांबला की आपणही थांबायचे.

पंजाबातला दर्शन सिंग खटला या विषयात नेहमी सांगितला जातो. जमिनीच्या भांडणात वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा वार झाला, मुलाने गोळी झाडली, हल्लेखोर मेला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये त्याला निर्दोष सोडले. कायदा नागरिकाकडून भित्रेपणाची अपेक्षा करत नाही, हे न्यायालयाने तिथे स्पष्ट केले. निकाल आपल्या तरुणांनी जरूर वाचावा. फक्त तारखाही वाचाव्यात. घटना १९९१ ची, खालच्या न्यायालयात सुटका, उच्च न्यायालयात शिक्षा, मग दिल्लीत सुटका. बाजू खरी असूनही एकोणीस वर्षे गेली. ज्याच्या घरी कमावणारा एकच आहे, त्याने हा हिशेब आधी करायला हवा.

दुसरा प्रश्न. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. यूट्यूबवर तिथले व्हिडिओ पाहून आपली मुले तीच भाषा बोलतात. आपल्या राज्यघटनेचे कलम १९ एकत्र जमण्याचा हक्क देते, पण शांततेने आणि विनाशस्त्र. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा फरक पुन्हा नमूद केला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. जिल्हाधिकारी पोलीस अहवाल मागवतात, मग देतात किंवा नाकारतात. नाकारला तर अपील करता येते. जिवाला गंभीर धोका हा २०१६ च्या नियमांत विचारात घ्यायचा मुद्दा आहे, त्यामुळे ज्याला खरेच धोका आहे त्याने अर्ज करण्यात काहीच गैर नाही. पण दिलेला परवाना काढूनही घेता येतो. निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. आणि परवान्याविना गावठी कट्टा सापडला तर थेट तुरुंग. अब्बांच्या काळातली तलवार हातात धरून स्टेटस ठेवणाऱ्या पोरांवरही याच कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, हे लक्षात असू द्या.

परवाने कोणाला मिळतात, हे शेजारच्या बीडने दाखवले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारले. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले होते. केज आणि आपला कळंब तालुका शेजारी-शेजारी आहेत, पवनचक्क्या आपल्याकडेही आहेत, त्यामुळे ही लांबची गोष्ट नाही. त्यानंतर अंजली दमानिया यांनी बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा पुढे आणला. तो बाराशेच्या वर होता. लोक लग्नात, वाढदिवसाला हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरले आणि प्रशासनाला परवान्यांची छाननी करून अनेक परवाने रद्द करावे लागले. इतक्या बंदुका असलेल्या जिल्ह्यात गावासाठी उभा राहिलेला सरपंच सुरक्षित नव्हता. कारण बंदुका वजनदार माणसांकडे जातात. परवान्याच्या रांगेत आपण सर्वांत मागे असू आणि गुन्हा दाखल व्हायच्या रांगेत सर्वांत पुढे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरताना गोळ्या घातल्या. कॉम्रेड गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या तेव्हा तेही पत्नीसह फिरून येत होते. ॲड. शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात मारले. बाबा सिद्दिकी यांच्यासोबत १२ ऑक्टोबर २०२४ रोजी पोलीस अंगरक्षक होता, तरी ते वाचले नाहीत. या प्रत्येक वेळी दिवस, जागा आणि क्षण मारेकऱ्याने निवडला. खिशातले पिस्तूल हातात यायला जे दोन-तीन सेकंद लागतात, ते देणारा मारेकरी नसतोच.

जिथे बंदूक बाहेर निघते तिथे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा होता. मुलाला मारहाण होत होती म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे त्यांनी नंतर वाहिनीला सांगितले. त्या दाव्याचे काय करायचे ते न्यायालय ठरवेल. पण सगळे सीसीटीव्हीत आहे आणि अटक त्याच रात्री झाली. सत्ताधारी आमदाराची ही गत, तर तुमच्या-माझ्या दाव्याला ठाण्यात किती किंमत मिळेल?

आता आपल्या जिल्ह्याचा इतिहास. तो आपण टाळतो. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील होता आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मुसलमानांच्या रक्षणासाठी स्वयंसेवक, हीच रझाकारांची भाषा होती. त्या नावाखाली हिंदू गावांवर जुलूम झाले. विरोधात लिहिणारा संपादक शोएबुल्लाह खान मुसलमान होता, त्यालाही ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारले. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला आली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि रझाकारांचे ते संरक्षण पाच दिवसांत विरून गेले. मग किंमत कोणी मोजली? पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा त्या समितीचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. मेलेल्यांत बहुतेक साधे मुसलमान होते. शेतकरी, कारागीर, बायका, मुले. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. रझाकार ज्यांचे रक्षण करायला निघाले होते, त्यांना शेवटी ज्यांनी वाचवले ते शेजारी होते. आज कोणी "मोहल्ला संरक्षण पथक" काढायची भाषा करतो, तेव्हा मला हा अहवाल आठवतो.

यावर एक रास्त प्रश्न येतो. दुसऱ्या बाजूच्या संघटना उघडपणे तलवारी नाचवतात, त्यांना कोण अडवते? हा दुजाभाव खरा आहे आणि त्याबद्दल गप्प बसणे चूक आहे. पण त्याचे उत्तर तक्रार आहे, नक्कल नाही. त्यांनी तलवार उपसली तर मिरवणूक म्हणतात. आपण उपसली तर कट म्हणतील. हा अन्याय मोडायचा असेल तर कायदा सर्वांना सारखा लावा, असा आग्रह धरावा लागेल, आणि तो धरणाऱ्याचे हात रिकामे असावे लागतात.

मग करायचे काय? माझ्या कामात एक साधी शिस्त आहे. यंत्रणा बंद पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, ती कुठे बंद पडू शकते हे आधी लिहून काढायचे. धमक्यांचेही तसेच करा. प्रत्येक धमकीची तारीख, वेळ, नंबर, रेकॉर्डिंग दोन-तीन जणांकडे जपून ठेवा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरवले आहे. ठाण्यात नाकारले तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. साक्षीदार असाल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. जमावहिंसेबाबत जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालाने प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितले आहे. धाराशिवमध्ये तो अधिकारी कोण, त्याने किती बैठका घेतल्या, जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती आणि किती रद्द झाले, हे सगळे माहिती अधिकारात विचारता येते. हा अर्ज कळंब, परंडा, तुळजापूर, उमरगा, प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे.

आणि एकटे लढू नका. एकट्याने केलेला अर्ज एका माणसाला मारून थांबवता येतो. त्याच अर्जावर पन्नास सह्या असतील, त्यात मराठा, दलित, धनगर, ओबीसी शेजाऱ्यांच्याही असतील, तर मारून काही साधत नाही हे समोरच्याला कळते. कार्यकर्त्यासाठी याच्याइतके भक्कम संरक्षण मला दुसरे दिसत नाही. ते उभे करायला महिने लागतात, चहाच्या टपरीवर बसून लोकांची समजूत काढावी लागते, आणि त्यात रुबाब नाही. बंदुकीत रुबाब आहे, म्हणूनच ती आपल्याला भुलवते.

जीव वाचवायचा हक्क तुमचा आहे. वेळ आली तर तो बेधडक वापरा, कायदा तुमच्या बाजूने आहे. पण ती वेळ येऊच नये यासाठी जे करायचे आहे, ते कागदावर आणि माणसांत करायचे आहे. त्याला कोणाचा परवाना लागत नाही.