चालतंय ना? मग ७७७ राहू दे!

शनिवार सकाळ. चहा झाला, मेल उघडली आणि पुन्हा तेच! टीममधल्या एका नव्या पोराने फाइल अपलोड होत नाही म्हणून सर्व्हरवरच्या फोल्डरला ७७७ देऊन टाकलं होतं. खाली लिहिलंय, "सर, इश्यू फिक्स्ड." मंडळी, आज जरा स्पष्टच लिहिणार आहे. राग मानू नका.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलवर तिघांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, त्याचा ग्रुप आणि बाकीचे सगळे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १ (फोल्डर असेल तर आत शिरायला). बेरीज ७. तीनदा सात म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरने यावं आणि हवं ते करावं. कुलूप अडकतंय म्हणून दारच उचकटून ठेवण्यातला प्रकार!

खरं तर 'परमिशन डिनाइड' हा मेसेज तुम्हाला मदत करत असतो. उबुंटूवर अपाची 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावाने चालतो आणि फोल्डर तुम्ही तुमच्या लॉगिनने बनवलेलं असतं. मग अडणारच! त्या एका फोल्डरची मालकी त्या युजरला द्या, परमिशन ७५० ठेवा, विषय संपला. दोन मिनिटांचं काम. पण आपण काय करतो? सर्च मारतो, पहिलं उत्तर चिकटवतो. रेडहॅटवर एसईलिनक्स चालू असेल तर ७७७ देऊनही फाइल चढत नाही. मग हे बहाद्दर एसईलिनक्सच बंद करतात! का अडवलं हे विचारायचंच नाही, अशी शपथ घेतल्यासारखं.

आता काही जण म्हणतील, "अहो, आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलोय." मान्य. जुन्या शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी सगळ्यांसाठी एकाच युजरने चालायचं, तुमचा एफटीपी युजर वेगळा, मालकी बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. तेव्हा बऱ्याचदा खरंच इलाज नसायचा. पण पीएचपी-एफपीएम २०१० साली, ५.३.३ मध्ये, पीएचपीच्या आतच आलं आणि प्रत्येक साइट आपापल्या युजरने चालवणं सोपं झालं. कारण गेलं, सवय राहिली.

एवढं तावातावाने का लिहितोय? कारण हे पाप मी स्वतः केलंय. २०१३ चा जून. एका कॉलेजच्या ॲडमिशनचा ऑनलाइन फॉर्म. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो, सगळं अपलोड करायचं. दुसऱ्या दिवशी लाइव्ह जायचं आणि रात्री अकराला फाइल चढेना. मी अख्ख्या साइटला, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, ७७७ मारलं आणि झोपलो.

तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या मॅडमचा फोन. "सर, कॉलेजची वेबसाइट उघडली की कसल्यातरी गोळ्यांच्या जाहिराती येतायत."

कुणीतरी फोटोच्या जागी पीएचपीची फाइल चढवली होती. माझा कोड फक्त ब्राउझरने पाठवलेला 'इमेज' हा प्रकार तपासत होता, आणि तो पाठवणारा हवा तो लिहू शकतो. ७७७ नसतं तरी ती फाइल चढलीच असती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण मग ती त्या एका फोल्डरात अडकली असती. माझ्या कृपेने तिला प्रत्येक पान खोडून लिहिता आलं. आणि दाखले? तेही वेबच्याच फोल्डरात, यादी दिसेल असे. पत्ता टाकला की शेकडो मुलांची कागदपत्रं समोर. एका मुलीचे वडील ऑफिसात येऊन शांतपणे विचारून गेले, "आमच्या मुलीचा फोटो नि पत्ता कोणाकोणाकडे गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तेव्हापासून मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो. लिहिणार कोण? वाचणार कोण? चालवणार कोण? ७७७ तिन्हींना एकच उत्तर देतं: सगळे.

तिसऱ्या प्रश्नावर तर भले भले फसतात. "चालवायचा बिट काढला, आता सेफ!" अजिबात नाही. अपाचीच्या आत किंवा एफपीएममध्ये पीएचपी चालायला तो बिट लागतच नाही, फाइल वाचता आली की पुरे. म्हणून अपलोड वेबच्या फोल्डराबाहेर ठेवा. नाव आणि एक्स्टेंशन तुम्ही द्या, पाठवणाऱ्याचं घेऊ नका. फाइल दाखवायची तर आधी लॉगिन तपासणाऱ्या कोडमधून दाखवा. बाहेर ठेवणं जमतच नसेल तर त्या फोल्डरात पीएचपी बंद करा, आणि तेसुद्धा सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये.

मुख्य कॉन्फिगच का? 'जेक्वेरी फाइल अपलोड' हे प्रचंड वापरलं जाणारं प्लगइन आठवा. अपलोड फोल्डरातली फाइल चालू नये याची सोय त्यात एचटीॲक्सेस फाइलवर सोपवली होती. अपाचीने २०१० मध्ये, २.३.९ पासून, त्या फाइली मुळात वाचणंच बंद ठेवलं. पाटी तशीच, राखणदार मात्र घरी गेलेला! अकामाईच्या लॅरी कॅशडॉलर यांनी हे २०१८ मध्ये उघड केलं. तोवर हल्लेखोर त्याचा फायदा घेतच होते.

"पण आपल्या छोट्या साइटला कोण हॅक करणार?" अहो, तुम्हाला कोणी शोधत नसतं. स्क्रिप्ट लाखो पत्ते ठोकत फिरते आणि उघडं दार दिसलं की शिरते.

असो. त्या पोराला मी रागावलो नाही. शेजारी बसवलं, ७७७ काढायला लावलं आणि त्या वडिलांचा प्रश्न सांगितला. पुढच्या वेळी रात्री अकराला फाइल अडली तर सर्व्हरला शिव्या देण्याआधी तो कोणाला अडवतोय ते बघा. आणि आज सुट्टी आहेच, तर आपापल्या सर्व्हरवर एकदा ७७७ शोधा. सापडतीलच, पैजेवर सांगतो.