विश्वचषक आला, पण मैदान कुणाच्या नावावर?

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री सायखेड्यात फटाके वाजले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा भारतीय महिलांच्या हातात आला. शेफाली वर्माच्या 87 धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाच बळी. चौकात मोबाईल घेऊन उभी असलेली पोरं नाचत होती. आम्हीही टाळ्या वाजवल्या, खोटे कशाला बोलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याच चौकात नेहमीचा पिकअप उभा होता. द्राक्षबागेत फेलफूट काढायला जाणाऱ्या बायका आणि मुली त्यात दाटीने उभ्या होत्या. त्यातल्या दोघी शाळेच्या पटावर आहेत आणि संध्याकाळी आमच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत येतात. अभ्यास झाला की गोदाकाठच्या मोकळ्या जागेत टेनिस बॉलने खेळतात. त्यातली एक असा काही चेंडू टाकते की गावातली मोठी पोरं तिच्यासमोर बॅट घेऊन उभी राहायला कां-कूं करतात. रात्री तिने अख्खा सामना पाहिला होता. पिकअपमध्ये चढताना म्हणाली, "ताई-दादांना आता घरं मिळतील, नाही का?" आम्हाला पटकन काही बोलता आले नाही.

हा लेख त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. या विजयाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. उलट, महिलांच्या मर्यादित षटकांच्या क्रिकेटचा इतिहास नीट सांगितलाच जात नाही, ही आमची तक्रार आहे. एकदिवसीय विश्वचषक ही कल्पना पुरुषांची नव्हे. पहिला विश्वचषक महिलांनी 1973 मध्ये इंग्लंडात खेळला. पुरुषांचा पहिला 1975 चा. ट्वेन्टी-20 चेही तेच. पहिला आंतरराष्ट्रीय सामना ऑगस्ट 2004 मध्ये इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या महिलांनी खेळला, पुरुष फेब्रुवारी 2005 मध्ये उतरले. एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक म्हटले की आपल्याकडे सगळे 2010 सालच्या सचिन तेंडुलकरचे नाव घेतात. बेलिंडा क्लार्कने नाबाद 229 धावा 1997 मध्ये काढल्या होत्या, त्याही आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. तेरा वर्षे आधी! पण जे बाईने आधी केले ते इतिहासात नंतर लिहायचे, ही या देशाची जुनी खोड आहे. सावित्रीमाईंच्या लेकींना ती नवी नाही.

भारतात 1973 मध्येच महिला क्रिकेटची संघटना उभी राहिली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. 1 जानेवारी 1978 ला भारतीय महिला पहिला एकदिवसीय सामना खेळल्या, तोही थेट विश्वचषकात, डायना एडुलजींच्या नेतृत्वाखाली. तिन्ही सामने हरल्या. 1988 च्या विश्वचषकाला तर भारताचा संघच नव्हता. 2005 मध्ये मिताली राजच्या संघाने अंतिम फेरी गाठली, तेव्हा प्रत्येक सामन्याचे एक हजार रुपये मिळाले होते, असे मितालीनेच सांगितले आहे. एक हजार! नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या पंखाखाली घेतले ते 2006 मध्ये. आणि घेतल्यावरही मनापासून घेतले का? 2013 च्या महिला विश्वचषकाचे वानखेडेवर ठरलेले सामने हलवावे लागले, कारण तिथे पुरुषांचा रणजी अंतिम सामना होता. जगाची स्पर्धा एकीकडे, घरची स्पर्धा दुसरीकडे, आणि जागा कुणी सोडायची? बाईने.

मग या मधल्या तीस-पस्तीस वर्षांत हा खेळ जगवला कुणी? कुठल्या उद्योगपतीने नाही. रेल्वेने जगवला. डायना एडुलजी आणि त्यांच्या पिढीने रेल्वेत खेळाडू मुलींसाठी नोकऱ्या मिळवल्या, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धांवर वर्षानुवर्षे रेल्वेच्या संघाचे राज्य राहिले. मितालीची नोकरी रेल्वेत होती, हरमनप्रीतचीही होती. झूलन गोस्वामी एअर इंडियात होती. म्हणजे महिन्याचा पगार, प्रवासाचा पास, खेळण्यासाठी रजा. सरकारी नोकरी काय करू शकते हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही; आमच्या घरांतली पहिली पक्की भिंत त्याच पगारातून उभी राहिली आहे. एअर इंडिया 2022 मध्ये टाटांकडे गेली. रेल्वेत भरतीची वाट पाहणारी आमची मुले केस पांढरे करून बसली आहेत. ज्या शिडीने महिला क्रिकेट वर चढले ती शिडी काढून घेतली जात असताना वर पोचलेल्यांचा सत्कार चालू आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या पाहिजेत.

आता पैशाचे. ऑक्टोबर 2022 मध्ये नियामक मंडळाने समान सामना शुल्क जाहीर केले: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, ट्वेन्टी-20 ला 3 लाख, पुरुष असो वा स्त्री. सगळीकडे 'समान वेतन' अशा बातम्या झाल्या. पण वार्षिक करार पाहा. 2024-25 मध्ये महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला 50 लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत खालच्या श्रेणीला 1 कोटी. म्हणजे पहिल्या बाकावरची बाई शेवटच्या बाकावरच्या पुरुषाच्या निम्मी. याला समानता म्हणायचे असेल तर आम्ही समाजशास्त्राची पदवी परत करतो.

तरीही आमचा खरा प्रश्न वरच्या पंधरा-वीस जणींचा नाही. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून 4,669 कोटींच्या वर विकले गेले. स्मृती मानधना 3 कोटी 40 लाखांना गेली. सांगलीच्या मुलीचे कौतुकच आहे. पण या कोटींतला रुपया गोदावरी ओलांडून सायखेड्याला पोचतो का? 2025 मध्ये महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, सोलापूर, रत्नागिरी, रायगड असे चार संघ. पुरुषांच्या स्पर्धेत नाशिकचा संघ आहे, महिलांच्या स्पर्धेत नाही. आणि आमचा जिल्हा मुलींच्या बाबतीत कोरडा आहे असे मुळीच नाही. सिन्नरची माया सोनवणे 2022 मध्ये व्हेलॉसिटी संघातून खेळली, तेव्हा तिची विचित्र गोलंदाजीची शैली देशभर मोबाईलवर फिरली. लोक हसलेही. मान खाली घालून, अंग पिळवटून टाकलेला तो लेगस्पिन कुठल्याही अकादमीत शिकवत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेचे उदाहरण तर तोंडपाठ करावे असे. नागालँडकडून खेळताना 2022 मध्ये तिने एका ट्वेन्टी-20 सामन्यात 162 धावा केल्या, त्याच वर्षी भारताकडून खेळली. 2023 च्या लीगमध्ये तिने अर्धशतक केले तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचे नाव नव्हते. तिने स्वतःच पेनाने 'एमएसडी 07' लिहिले होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेतल्या त्या मुलीला आम्ही एका निवड चाचणीला घेऊन गेलो होतो. कुठे, कुणाची, ते लिहीत नाही. पोचल्यावर कळले की लेदर बॉलवर चाचणी आहे, पॅड-ग्लोव्हज-हेल्मेट स्वतःचे हवे. साधा संच घ्यायचा तरी तिच्या आईची कित्येक आठवड्यांची मजुरी. एका मुलीने मोठ्या मनाने आपले पॅड दिले. हिने सहा चेंडू टाकले, त्यातले दोन सरळ यष्टीवर. मग टेबलामागच्या गृहस्थांनी नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले, "गावात कुठे राहता?" असेही विचारले. हा शेवटचा प्रश्न क्रिकेटच्या कुठल्या नियमात बसतो ते आम्हाला अजून कळलेले नाही. निवड झाली नाही. कदाचित सहा चेंडू पुरेसे नसतीलही. पण परतीच्या एसटीत ती एवढेच म्हणाली, "त्यांनी शेवटचं विचारलं तेव्हाच मला कळलं."

इथे नेहमीचा आवाज येतो: खेळात जात आणू नका. आम्ही आणली? पुण्याच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करणारे पालवणकर बाळू इंग्रज साहेबांना चेंडू टाकत राहिले. हिंदूंच्या संघात घेतले, कारण जिंकायचे होते. पण चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. हेच बाळू पुढे 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हेही आम्ही लपवत नाही. राजकारणात ते चुकले असे आमचे मत आहे. त्याने मातीच्या भांड्यातला चहा गोड होत नाही. आणि ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणाल, तर ऑगस्ट 2021 आठवा. टोकियोत महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाली. संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असे म्हणत.

इंग्लंडने निदान आरशात पाहिले. 2023 मध्ये तिथल्या स्वतंत्र आयोगाने अहवाल दिला की इंग्लिश क्रिकेटमध्ये वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद मुरलेला आहे, आणि मंडळाला माफी मागावी लागली. आपल्याकडे निवड चाचणीला किती मुली आल्या, त्यातल्या किती ग्रामीण, किती अनुसूचित जाती-जमातींच्या, किती पुढे गेल्या, याची नोंद जिल्हा संघटनांनी दरवर्षी जाहीर करावी, एवढी साधी मागणी केली तरी लोक अंगावर येतात. आम्ही अजून आरक्षण मागितलेले नाही, फक्त मोजा म्हणतोय. मोजायला कोण घाबरतो, हे जातगणनेच्या वादात सगळ्यांनी पाहिले आहे.

आता थोडे घरचे. हे लिहिले नाही तर वरचे सगळे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमच्या चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, क्रिकेट हा भांडवलदारांचा तमाशा आहे, आपल्या मुलींनी शिकावे, स्पर्धा परीक्षा द्याव्या. काका, तुमचे पहिले वाक्य बरेचसे खरे आहे. पण तोच तमाशा तुमच्या मुलाने खेळला की तुम्ही चषक द्यायला व्यासपीठावर असता. दर एप्रिलला परिसरात जयंतीनिमित्त टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. निळे झेंडे, मोठे स्पीकर, हजारोंची बक्षिसे, बाबासाहेबांचा फोटो आणि मैदानावर एकही मुलगी नाही. मुली रांगोळी काढायला आणि स्वागतगीताला. एखाद्या समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून जोखायला बाबासाहेबांनी सांगितले, ते आपण भाषणापुरते ठेवले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात 1930 मध्ये याच जिल्ह्यात बाया पुढे होत्या. आज त्यांच्या पणत्यांना आपण सीमारेषेच्या आतही घेत नाही.

गेल्या वर्षी बैठकीत आम्ही मुलींच्या सामन्यासाठी एक दिवस मागितला. उत्तर आले की मुलींना मैदानावर कपडे बदलायला जागा नाही. खरे आहे, नाही. मुलांनाही नाही, पण त्यांना लागत नाही. मग विहाराची मागची खोली सामन्याच्या दिवशी उघडून देण्याचे ठरले, एवढे तरी झाले; दिवस मात्र मिळाला नाही. यंदा विश्वचषकामुळे वारे थोडे फिरले आहे. जे मागच्या वर्षी हसले त्यांतले दोघे स्वतःहून म्हणाले की बक्षिसाच्या रकमेतून एक जुना किट विकत घेऊ. आम्ही सांगितले, घ्या, पण तो मंडळाच्या कपाटात कुलुपात नको, अभ्यासिकेत राहील आणि किल्ली मुलींकडे राहील. यावर अजून वाद चालू आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. सध्या उन्हाळ कांद्याची लागवड चालू असल्याने चार दिवस अभ्यासिकेला येते, तीन दिवस येत नाही. आली की आधी विचारते, "किल्लीचं काय झालं?"