द्रव्याचें मूळ

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. द्रव्याचें मूळ शोधूं नये, असें मात्र कोणीं म्हटलेलें नाहीं. उलट मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत शुद्धीचा विचार चालला असतां माती व पाणी यांनीं होणाऱ्या शुद्धीहून द्रव्यव्यवहाराची शुद्धि वरच्या पायरीची मानिली आहे. या खेपेस त्याच विषयाची एक अर्वाचीन बाजू वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या घरांतील मुलेंमुली विलायतेस स्थायिक झालीं आहेत, त्या घरांतून एक तक्रार हल्लीं वारंवार आमच्या कानीं येते. मुलानें लंडनकडे घर ठरविलें. किंमतीचा कांहीं भाग आईबापांनीं व कांहीं काकांनीं देऊं केला. आणि खरेदीचें काम पाहणाऱ्या तिकडील वकिलानें एकाएकीं प्रश्नावली धाडली. हा पैसा कोठून आला? देणाऱ्याचें ओळखपत्र कोठें आहे? जमीन विकली असल्यास विक्रीचा दस्त पाठवा; बँकेचे उतारे पाठवा. अब्रूनें संसार केलेल्या गृहस्थास हें वाचून चीड येते. "आम्हांस चोर समजतात काय?" असें ते विचारतात. हा राग स्वाभाविक आहे; परंतु प्रश्नामागचें कारण कळल्यावर तो फार वेळ टिकूं नये, असें आम्हांस वाटतें.

लांचखाऊ अधिकारी, मादक पदार्थांचा व्यापारी, लोकांच्या ठेवी बुडविणारा ठक, यांना पैसा मिळविण्याइतकीच तो उघडपणें वापरण्याची विवंचना असते. यासाठीं घरासारखें सोयीचें साधन नाहीं. एकाच व्यवहारांत मोठी रक्कम मुरते, आणि पुढें येणारें भाडें तर अगदीं उजळ माथ्यानें मिळतें. त्यांतून इंग्लंडांतील रीति अशी कीं, खरेदीदाराचा पैसा प्रथम त्याच्या सॉलिसिटरच्या अशिलखात्यांत जमा होतो व तेथून विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे जातो. सॉलिसिटरच्या खात्यांतून आलेल्या रकमेकडे पुढची बँक सहसा वांकड्या नजरेनें पाहत नाहीं. कांहीं धूर्त तर घर घेतहि नाहींत. रक्कम भरतात, चार दिवसांनीं बेत मोडला म्हणून कळवितात, आणि ती तिसऱ्याच माणसाच्या नांवें परत मागतात. असा पैसा वकिलाच्या हातून धुतला जातो, आणि वकिलास त्याचा पत्ताहि नसतो.

हें ओळखूनच नियम घडले. १९८९ सालीं पॅरिस येथील सात राष्ट्रांच्या परिषदेंत या कामासाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. आरंभीं त्याचा रोख बँकांवर होता. २००३ सालीं वकील, नोटरी, हिशेबतपासनीस व घरांचे दलाल यांनाहि त्याच्या शिफारशींत गोवण्यांत आलें. इंग्लंडांत २००२ सालीं गुन्ह्याच्या उत्पन्नासंबंधीं मुख्य कायदा झाला, २००४ च्या मार्चपासून सॉलिसिटरांस नियम लागू झाले, आणि २०१७ च्या जूनपासून त्यांची नवी, अधिक कडक आवृत्ति अंमलांत आली. केवळ खरेदीविक्रीचे दस्त करणारे जे परवानाधारक कन्व्हेयन्सर तिकडे असतात, त्यांसहि ती लागू आहे. अशील कोण हें प्रमाणासह पाहणें, जोखमीच्या मानानें पैशाचें मूळ तपासणें, त्याचीं टिपणें काम संपल्यावर पांच वर्षें जपणें, आणि संशय आल्यास कळविण्यासाठीं कचेरींत एक जबाबदार अधिकारी नेमणें, हीं त्यांचीं मुख्य कर्तव्यें. संशयास वाजवी कारण असूनहि न कळविल्यास पांच वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. तेव्हां प्रश्न विचारणारा वकील आपला अपमान करीत नसतो. तो आपली सनद व आपलें स्वातंत्र्य सांभाळीत असतो.

पुष्कळांस याहून जास्त खुपतें तें त्याचें मौन. व्यवहार एकाएकीं थांबतो आणि वकील कारण सांगत नाहीं. अशा वेळीं दोन शक्यता असतात. एक म्हणजे साधी दिरंगाई. दुसरी अशी कीं, त्यानें राष्ट्रीय गुन्हे अन्वेषण खात्यास संशय कळविला आहे व पुढें जाण्याची संमति मागितली आहे. खात्यानें कामकाजाच्या सात दिवसांत नकार दिला नाहीं, तर संमति गृहीत धरतात; नकार आल्यास व्यवहार आणखी एकतीस दिवस अडतो, आणि न्यायालय ही मुदत वाढवूंहि शकतें. हा सुगावा अशिलास लागूं देणें हाच त्या वकिलाचा गुन्हा ठरूं शकतो. तरीहि वकिलाशीं केलेलें सगळेंच बोलणें उघड्यावर पडतें, असें समजूं नये. कायदेशीर सल्ल्यासाठीं विश्वासानें सांगितलेल्या गोष्टीस संरक्षण आहे. मात्र गुन्हा साधण्यासाठीं त्या विश्वासाचा उपयोग केल्यास तें राहत नाहीं. न्यायालयांतील दाव्याचें नेहमींचें कामकाजहि या गुन्ह्यांच्या कक्षेबाहेर आहे, असा निर्णय तेथील अपील न्यायालयानें २००५ सालीं दिला.

आतां आपल्या घरांकडे वळूं. एकत्र कुटुंबांत पैसा कोणाचा, हा प्रश्नच कित्येकदां निघत नाहीं. थोरल्यानें शिकविलें, धाकट्यानें घर राखलें, वहिनीचे दागिने मोडले, आणि सर्वांचें मिळून झालें. ही आपली शोभा आहे. पण परक्या देशांतील वकिलास ती कागदावर दिसली पाहिजे. तो देणाऱ्याकडून लिहून मागतो कीं, ही रक्कम देणगी आहे, कर्ज नव्हे, आणि त्या घरावर माझा हक्क राहणार नाहीं. सख्ख्या भावानें भावाच्या मुलासाठीं असें लिहून देणें कानाला कठोर लागतें; तरी लिहून द्यावें. आणखी एक गोष्ट कर्त्या पुरुषांनीं ध्यानांत ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखालीं दर आर्थिक वर्षीं अडीच लाख डॉलरपर्यंत पैसा परदेशीं धाडतां येतो, पण तो व्यक्तीस; हिंदु अविभक्त कुटुंबास ही सवलत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या नांवावरील पैशांतून व आपल्या खात्यांतून द्यावें, हें बरें.

खरी अडचण याच्याहि पुढें आहे. वडिलोपार्जित जमीन विकतांना दस्तांत एक आंकडा व हातांत दुसरा, ही चाल सुशिक्षित घरांतहि शिरलेली आहे, आणि "सगळेच करतात" एवढ्यावर तिचें समर्थन होतें. त्या वेळीं घेतलेली रोकड आज नातवाच्या घरासाठीं काढली, तर तिचें मूळ कोणत्या कागदानें दाखविणार? नातू निर्दोष, त्याचा पगार स्वच्छ, आणि आजोबांच्या त्या पुडक्यापायीं त्याचें घर अडतें. इकडेहि दिवस पालटले आहेत. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार वा अधिक रक्कम रोख घेण्यास जून २०१५ पासून बंदी झाली, आणि तेवढाच दंडहि ठरला. मे २०२३ मध्यें अशिलाच्या वतीनें स्थावराची खरेदीविक्री करणारे सनदी लेखापाल व कंपनी सचिव हे काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखालीं आले. वकिलांचें नांव त्या यादींत नव्हतें. मात्र दाव्यांत वा नोंदणीच्या दस्तांत दोन लाख वा अधिक रोख दिल्याचें दिसल्यास तें आयकर खात्यास कळवावें, असें सर्वोच्च न्यायालयानें १६ एप्रिल २०२५ रोजीं बजावलें.

कोणी म्हणेल कीं, सामान्य माणसाचे उतारे चाळले जातात आणि मोठे मासे परदेशी कंपन्यांच्या नांवानें लंडनचे वाडे घेतात. हा आक्षेप खोटा नाहीं. अशा कंपन्यांच्या मागचे खरे धनी नोंदविण्याची सक्ति इंग्लंडांत ऑगस्ट २०२२ मध्यें सुरू झाली, म्हणजे सॉलिसिटरांवरील नियमांनंतर तब्बल अठरा वर्षांनीं. तरीहि दुसऱ्याचें पाप उशिरां सांपडलें, म्हणून आपला हिशेब मोघम ठेवण्यास आधार मिळत नाहीं.

यासाठीं आमची विनंती एवढीच कीं, ज्या फडताळांत जन्मपत्रिका जपतां, त्यांतच एक धारिका ठेवा. जमिनीचा दस्त, सात-बाराचा उतारा, मुदतबंद ठेवीची पावती, मोडलेल्या सोन्याचें बिल, वांटणीपत्र व मृत्युपत्र हीं सारीं तींत असूं द्यावींत, आणि मराठी कागदांचीं इंग्रजी भाषांतरें वेळींच करून ठेवावींत. मुलांस आपण इस्टेट देतों. तिचा उगमहि त्यांस दाखवितां येईल अशा रीतीनें द्यावी.