सह्याद्री धावला, पुढे काय?

दरवर्षी १२ मार्चला यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीला आपल्या सीमाभागातही एक वाक्य हमखास ऐकू येते : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. वाक्य अभिमानाचे आहे, खरेही आहे. पण दिल्लीत पोहोचल्यावर या सह्याद्रीने चार वर्षे नेमके काय केले, हे आम्ही कोणी सांगत नाही. हार घातला, टाळ्या पडल्या, की विषय संपतो.

यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षण खाते हाती घेतले, तेव्हा चीनने नुकतीच एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले होते. मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात विश्वास उरला नव्हता. यशवंतराव सैनिक नव्हते आणि सेनापतींना युद्ध शिकवण्याचा आवही त्यांनी कधी आणला नाही. त्यांनी मंत्र्याचे काम केले. पराभवाच्या चौकशीचे सार सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेपुढे ठेवले. १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली : सव्वाआठ लाखांची सेना, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल, पहाडी लढाईसाठी वेगळ्या डिव्हिजन्स. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. तयारीला वर्षे लागली होती, म्हणूनच निर्णयाला मिनिटे पुरली.

संरक्षणमंत्री म्हणजे कोण, हे यातून कळते. सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती, लढाई लढणार सेना. मंत्री मात्र संसदेला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, उत्तर देणारा माणूस. आम्ही बँकवाले हे चटकन समजू शकतो. व्हाउचर लिहिणारा आणि ते पास करणारा एकच असू नये, हा आमच्याकडचा पहिला धडा. सेनेने गरज सांगायची, संरक्षण खात्याने ती तपासून पैसे मागायचे, अर्थ खात्याने हात आखडता घ्यायचा आणि शेवटी संसदेने मंजुरी द्यायची. ही ओढाताण म्हणजे अडथळा नव्हे, तीच खरी तपासणी.

ती अनेकदा सैल पडली. इंदिरा गांधी आणि राजीव गांधी या दोघांनीही पंतप्रधानपदी असताना काही काळ हे खाते स्वतःकडेच ठेवले. २०१४ मध्ये काही महिने आणि पुन्हा २०१७ मध्ये ते अर्थमंत्री अरुण जेटली यांच्याकडे जादा काम म्हणून होते. मागणारा आणि देणारा एकच! मधल्या काळात गोव्याचे मनोहर पर्रीकर पूर्णवेळ मंत्री होते. माजी सैनिकांची 'एक पद, एक पेन्शन' ही जुनी मागणी २०१५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मार्गी लागली. पण मार्च २०१७ मध्ये गोव्याचे सरकार बनवण्यासाठी त्यांना परत यावे लागले. राज्याच्या राजकारणासाठी देशाचे संरक्षण खाते रिकामे करावे, हे आम्हाला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले भरती होतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या सुभेदारांना आणि वीरपत्नींना आम्ही दरवर्षी पाहतो. बूट, बंदूक आणि पेन्शन यांचा निर्णय ज्या टेबलावर होतो, त्या टेबलावर कोण बसले आहे, हे विचारण्याचा पहिला हक्क याच घरांचा आहे.

तेव्हा मत मागायला येणाऱ्यांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, दोन प्रश्न विचारा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. त्यातला एक तरी तुम्ही वाचला आहे का? आणि १९६२ च्या पराभवाचा मूळ चौकशी अहवाल साठ वर्षे उलटून गेली तरी एकाही सरकारने अधिकृतपणे खुला का केला नाही?

यशवंतरावांच्या तसबिरीला हार जरूर घालावा. पण त्यांच्या खुर्चीला जाब विचारण्याची सवय लागली, तर ती जयंती त्यांना अधिक शोभेल.