‘प्लांट-बेस्ड’ आहे म्हणून तळलेलं केळं पथ्याचं होत नाही

“डॉक्टर, यात दूध नाही, अंडं नाही, तूप नाही. सगळं झाडाचंच आहे. मग माझी शुगर वाढली कशी?”

इंदापूर तालुक्यातल्या एका ताईंनी मला ओपीडीत हा प्रश्न विचारला. वय पंचावन्नच्या आसपास, आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या वेळेवर, रोजचं चालणं चुकत नाही. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा एचबीएवनसी ७.१ होता, तो आता ८.४ झाला होता. मी विचारत गेलो. भात वाढला का? नाही. चहात साखर? नाही. मग सोबत आलेल्या सूनबाईंनीच सांगितलं, “मी त्यांच्यासाठी ते थाई केळं करते. मोबाईलवर बघितलं होतं. व्हेगन आहे, हेल्दी आहे. आठवड्यातून चार-पाच वेळा होतं.”

घरात केळीची बाग. निर्यातीच्या मालातून बाजूला पडलेल्या फण्या घरी येतात. सूनबाईंनी सासूच्या काळजीपोटीच हा पदार्थ निवडला होता. आणि थोडी चूक माझीही होती. मागच्या भेटीत मी ताईंना “बिस्किटं सोडा, फळ खा” असं सांगितलं होतं. फळ कसं खायचं, हे सांगितलं नव्हतं.

म्हणून हा लेख. मला त्या पदार्थाशी भांडायचं नाही. भांडण आहे ते ‘प्लांट-बेस्ड म्हणजे आरोग्यदायी’ या समजुतीशी. ती आता बारामतीच्या मॉलपासून उजनीकाठच्या वस्तीपर्यंत पोहोचली आहे आणि तिचा त्रास माझ्या रुग्णांना होतो आहे.

हा पदार्थ आहे तरी काय?

थायलंडमध्ये रस्त्याकडेच्या गाड्यांवर हे तळलेलं केळं मिळतं. त्याला तिथे ‘क्लुआय खॅक’ म्हणतात. ‘क्लुआय’ म्हणजे केळं आणि ‘खॅक’ म्हणजे पाहुणा किंवा परदेशी माणूस. आपल्याकडच्या लोकांनाही ते हाच शब्द वापरतात. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, तीळ, साखर, मीठ असं भिजवायचं, त्यात केळ्याचे लांब काप बुडवायचे आणि तेलात तळायचे. पीठ कुरकुरीत व्हावं म्हणून त्यात चुन्याची निवळी घालायची पद्धत आहे.

आता नीट बघा. यात मुळातच दूध, अंडं, तूप काहीच नाही. म्हणजे कोणी त्यात बदल करून तो ‘प्लांट-बेस्ड’ केलेला नाही. तो आधीपासून तसाच होता. नवीन आहे ती फक्त चिठ्ठी.

आपल्याकडे काय वेगळं आहे? लाल भोपळ्याचे घारगे घ्या. भोपळा, गूळ, कणीक आणि तेल. गुलगुले घ्या, कापण्या घ्या. सगळं झाडाचंच. आपल्या आजीने आषाढ तळला, पोरांना पोटभर खाऊ घातलं, पण “हे शुगरला चांगलं” असं ती कधी म्हणाली नाही. तळण हे तळण आहे आणि ते सणासुदीचं आहे, हे तिला माहीत होतं. ते शहाणपण आपण एका इंग्रजी शब्दासाठी सोडून देतो आहोत.

झाडापासून काय काय येतं?

आपण ऊसपट्ट्यात राहतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या कारखान्यांतून बाहेर पडणारी साखर शंभर टक्के वनस्पतीजन्य आहे. मळीपासून बनणारी दारू वनस्पतीजन्य आहे. तंबाखू तर नुसतं पानच आहे. मैदा गव्हाचा, पामतेल फळाचं.

आणि ज्याचं नावच ‘वनस्पती’ होतं ते तूप आठवा. द्रवरूप तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केलं जायचं. त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्याच्याइतकी वाईट चरबी क्वचितच दुसरी असेल. अनेक वर्षं आपण ते डब्यांनी आणलं. शेवटी जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

एफएसएसएआयने २०२२ मध्येच व्हेगन पदार्थांचे नियम आणले. पाकिटावरचं ते हिरवं चिन्ह एवढंच सांगतं की यात प्राणिजन्य घटक नाही. ज्याला प्राण्यांसाठी, धर्मासाठी किंवा दुधाच्या ॲलर्जीमुळे हे पाहायचं आहे, त्याच्यासाठी ते चिन्ह कामाचं आहे आणि त्या निवडीचा मी आदर करतो. पण त्या चिन्हावरून साखर किती, तेल किती, मीठ किती हे कळत नाही. पदार्थात काय *नाही*, हे ते सांगतं. तुमच्या शरीराला मात्र त्यात काय *आहे*, याच्याशी देणंघेणं असतं.

हिशोब करून बघू

सोललेलं मध्यम केळं साधारण १०० ग्रॅमचं. त्यात सुमारे ९० कॅलरी, थोडा तंतू, चांगलं पोटॅशियम. फळ म्हणून उत्तम.

तेच केळं तळायला घेतलं की एका केळ्यामागे साधारण ३० ग्रॅम तांदळाचं पीठ लागतं, म्हणजे आणखी शंभरेक कॅलरी. एक चमचा साखरेच्या २०. दोन चमचे ओल्या खोबऱ्याच्या ३०-३५. आणि तळताना १२ ग्रॅम तेल शोषलं गेलं तरी त्याच्या १०८, कारण एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. बेरीज साडेतीनशेच्या पुढे जाते. ९० चे ३५० झाले, जवळजवळ चौपट. वर अर्धी वाटी घट्ट नारळाचं दूध ओतलं तर आणखी दीडशे. साडेतीनशे कॅलरी खर्च करायच्या तर सव्वा ते दीड तास भरभर चालावं लागतं.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. वाटेत लोक वारकऱ्यांना केळी वाटतात. दिवसभर उन्हापावसात चालणाऱ्या माणसाला ते केळं म्हणजे ताकद आहे. मात्र संध्याकाळी टीव्हीसमोर बसून खाल्लेल्या तळलेल्या केळ्याला हा न्याय लावता येत नाही. वारीचं चालणं वेगळं आणि आपलं अंगण ते गेट वेगळं.

मधुमेह्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्या. तेलामुळे पोट उशिरा रिकामं होतं. त्यामुळे पीठ आणि साखरेने वाढणारी शुगर कधी कधी उशिरा चढते आणि जास्त वेळ टिकते. ताई म्हणाल्या, “खाल्ल्यावर दोन तासांनी मशीनवर बघितलं, बरी होती.” मशीन खोटं बोललं नाही. चढ त्यानंतरही येऊ शकतो. एचबीएवनसीमध्ये मात्र तीन महिन्यांचा हिशोब उतरतो.

मला नेहमी मिळणारी उत्तरं

*“पण डॉक्टर, साखर नाही, गूळ घातलाय.”* गुळात थोडी खनिजं असतात, पण चमचाभर गुळातून मिळणारी खनिजं नगण्य आणि शुगर मात्र जवळजवळ साखरेइतकीच. खजूर सिरप आणि नारळाची साखर यांचंही तेच.

*“खोबरेल तेलात तळलंय.”* खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने त्यात तळण करू नये.

*“दुधाऐवजी नारळाचं दूध देतो.”* चवीला जरूर. पण गाईच्या दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम त्यात नाहीत. ज्यांनी दूध-दही पूर्ण बंद केलं आहे त्यांनी बी-१२ ची तपासणी करून गोळी सुरू ठेवावी. बी-१२ झाडापासून भरवशाने मिळत नाही.

*“घरचंच आहे ना.”* हे उत्तर मला अर्धं पटतं. घरी तेल ताजं असतं, साखर आपल्या हातात असते. गाड्यावर तेच तेल दिवसभर तापत राहतं. तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये असा एफएसएसएआयचा नियम आहे, पण गाड्यावर कोण मोजतंय? म्हणून खायचंच तर घरी करा, हे माझंही म्हणणं आहे. फक्त घरी केल्याने ते रोजचं होत नाही.

मग करायचं कसं?

मी तुमच्या ताटातून सगळं काढून घेणारा डॉक्टर नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, घरात पाहुणे असताना, असं करा. चौघांसाठी:

१. दोनच केळी घ्या. पिवळी पण घट्ट, टोकाला जरा हिरवी. फार पिकलेलं केळं गोडही जास्त असतं आणि तेलात फुटतं. प्रत्येकाचे चार लांब काप करा.

२. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे ओलं खोबरं, एक चमचा तीळ, चिमूटभर मीठ. भज्याच्या पिठासारखं सरसरीत भिजवा. साखर घालू नका. केळ्याची गोडी पुरते.

३. चुन्याची निवळी घरी नको. थंडगार पाण्यात पीठ भिजवलं तरी पुरेसं कुरकुरीत होतं. चुना लहान मुलांच्या डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, कायमची दृष्टी जाऊ शकते. तसं झालंच तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळा किमान अर्धा तास धुवा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

४. ताजं शेंगदाणा किंवा करडई तेल, लहान कढईत, थोडंच. पिठाचा थेंब टाकल्यावर लगेच वर यायला हवा. तेल कमी तापलं असेल तर काप जास्त तेल पितात. धूर निघत असेल तर गॅस कमी करा.

५. सोनेरी झाले की जाळीवर काढा. एकाला दोन काप. वर पाक नाही, आईस्क्रीम नाही.

६. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. त्यात पुन्हा तळू नका, नव्या तेलात मिसळू नका. एका माणसाला दिवसभराच्या सगळ्या स्वयंपाकात मिळून २० ते ३० ग्रॅम तेल पुरतं, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी भाजी कमी तेलाची करा आणि जेवणातली एक पोळी किंवा भात कमी करा.

एअर फ्रायर असेल तर तेल नक्कीच वाचतं. पीठ आणि केळं तेवढंच राहतं.

यांनी आधी विचारावं

मूत्रपिंडाचा आजार असलेले किंवा डायलिसिसवर असलेले रुग्ण: केळ्यात पोटॅशियम जास्त असतं आणि तळल्याने ते जात नाही. पित्ताशयाचे खडे किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले रुग्ण: तळणाने पुन्हा कळ येऊ शकते. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर अचानक उतरली, घाम सुटला, हात थरथरले, तर तळलेलं गोड देऊ नका. तेलामुळे साखर उशिरा लागू होते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता दवाखान्यात आणा.

ताईंचं पुढे काय झालं? केळं बंद केलं नाही. सकाळच्या नाश्त्यात पोळी कमी करून अर्धं केळं, तसंच, सोलून, मूठभर शेंगदाण्यांसोबत. थाई केळं दिवाळीला आणि नातवाच्या वाढदिवसाला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.३ आला. सूनबाईंना मी एवढंच म्हणालो की काळजी तुमची खरी होती, फक्त चिठ्ठी वाचून पदार्थ निवडू नका.

तुम्हालाही तेच सांगतो. कोणी ‘प्लांट-बेस्ड’, ‘व्हेगन’, ‘नॅचरल’ असं काही पुढे केलं, तर तीन प्रश्न विचारा. तेल किती? साखर आणि पीठ किती? आणि आठवड्यातून किती वेळा? याची उत्तरं मिळाली की चिठ्ठी कुठलीही असू दे. आणि पुढच्या वेळी ओपीडीत याल तेव्हा काय खाता ते सांगताना कसं खाता तेही सांगा. मी नाही विचारलं, तरी सांगा.