पाय टेकायला जागा

बालमित्रांनो,

गेल्या आठवड्यात माझ्या चौथीच्या वर्गात एका बाकावर एकच मुलगी बसलेली दिसली. तिची शेजारीण दप्तर उचलून पार मागे जाऊन बसली होती. चौकशी केली तेव्हा कळलं, हिच्या आजीला कॅन्सर झालाय. उपचार घेऊन आजी घरी आलीय, आणि "हिला शिवलं तर आपल्यालाही होईल" असं कुणीतरी सांगितलं होतं.

छे, छे! कॅन्सर शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानंही होत नाही. हे मी वर्गात सांगितलं. तेवढ्यात एकानं हात वर केला. "बाई, पण पेशींना स्पर्श कळतो का?"

आली का पंचाईत! पण उत्तर आहे बरं का : हो, कळतो.

पेशी म्हणजे शरीराची वीट. आपल्या शरीरातल्या पुष्कळशा पेशी एवढ्या बारीक, की एका मिलिमीटरात पन्नासेक सहज मावतील. अमेरिकेतल्या रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञानं बेडकाच्या भ्रूणातल्या पेशी शरीराबाहेर काढून वाढवल्या. नुसत्या द्रवात त्या गोळा होऊन राहिल्या. मग त्यानं काय केलं असेल? चक्क कोळ्याच्या जाळ्याचे धागे ठेवले! विहिरीत गटांगळ्या खाणाऱ्याला दोर सापडावा तसं झालं. पेशी धाग्याला चिकटल्या, लांबट झाल्या आणि धाग्याधाग्यानं सरकू लागल्या. ही गोष्ट १९१४ साली प्रसिद्ध झाली. सुई नाही, यंत्र नाही, कोळ्याचं जाळं!

पेशीला हे कळतं कसं? तिच्या अंगावर प्रथिनांचे बारीक आकडे असतात. त्यांना 'इंटेग्रिन' म्हणतात. त्यांनी ती खालचा पृष्ठभाग पकडते आणि ओढून बघते. बैल बांधण्याआधी खुंटी हलवून बघतात ना, तशी. खुंटी पक्की लागली, की बऱ्याचशा निरोगी पेशी पसरतात, एकीच्या दोन होतात. नाही लागली, तर वाढ थांबवतात.

आणि कॅन्सरची पेशी? १९६४ मध्ये मॅकफर्सन आणि माँताग्निए या दोघांनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी अगारच्या मऊ थरात ठेवल्या. अगार म्हणजे आपल्या आया ज्याची जेली करतात ते चायना ग्रास. तिथं पाय टेकायला जागाच नाही! साध्या पेशी जवळजवळ वाढल्याच नाहीत. पण विषाणूमुळे कॅन्सरसारख्या झालेल्या पेशी वाढत गेल्या आणि त्यांचे ठिपक्यांएवढे पुंजके झाले. 'खाली काही असो नसो, आम्ही वाढणार!' पेशी कॅन्सरच्या वाटेला लागलीय का, हे तपासायला प्रयोगशाळेत आजही ही युक्ती वापरतात.

मला स्वतःला चकित केलं ते पुढच्या प्रयोगानं. २००५ मध्ये व्हॅलरी वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनातल्या निरोगी पेशी मऊ जेलीवर वाढवल्या. पेशींनी छान पोकळ, गोल घरटं केलं. तीच जेली कडक केली, तर घरट्याची घडी विसकटली. म्हणजे पेशी शहाणी असली तरी खालची जमीन तिला बिघडवू शकते! कॅन्सरच्या गाठीभोवतीचे तंतू असेच ताठ झालेले असतात, आणि त्या तंतूंच्या वाटेनं कॅन्सरच्या पेशी गाठीबाहेर सरकतात. हॅरिसनचं जाळं आठवलं ना?

डॉक्टर बोटांनी चाचपून गाठ शोधतात ती या कडकपणामुळेच. (आयांनो, हे वाक्य तुमच्यासाठी : प्रत्येक गाठ काही कॅन्सरची नसते, पण हाताला लागली तर संकोच न करता लगेच दाखवा. 'दिवाळी होऊ दे, मग बघू' नको.)

हे सगळं मी फळ्यावर कोळी काढून सांगितलं. माझा कोळी खेकड्यासारखा झाला, त्यावर वर्ग खूप हसला. मधल्या सुट्टीनंतर बघते तर मागे गेलेलं दप्तर जुन्या जागी परत आलेलं, आणि दोघींचं खोडरबरावरून जोरात भांडण चाललेलं.

घरात कोळ्याचं जाळं दिसलं तर झाडू घेण्याआधी भिंगातून एकदा बघा, आणि काय दिसलं ते मला पत्रानं कळवा.

तुमची,
बाई